क कोयत्याचा

कुणी बसमध्ये असेल, कुणी लोकलमध्ये, कुणी रात्री दिवे बंद करून इअरफोन लावून पडलं असेल. आज टेक्नॉलॉजीवर थोडंच बोलणार आहे. जास्त बोलणार आहे ते माझ्या आईबद्दल.

माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. २९ वर्षं. गेल्या वर्षी रिटायर झाली. त्याच सुमाराला ऑफिसात माझ्याकडे एक काम आलं, मुलांचं वाचन तपासणारं अ‍ॅप. मूल मोबाईलसमोर उतारा वाचतं, अ‍ॅप मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते मोजतं आणि नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका देतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मोठ्या कौतुकाने आईला डेमो दाखवला. तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे दाबलं की काय होतं?"

म्हटलं, "काही नाही. लाल म्हणजे वाचता येत नाही."

"ते तर मास्तरला माहीतच असतं रे. पुढं काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने कपाटातून एक जुनी वही काढली. शाळा सुटल्यावर ती रोज चार ओळी लिहायची, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही.

त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जायचं आणि हंगाम संपला की परत यायचं. पोरं सोबतच. म्हणजे शाळेचं जवळजवळ निम्मं वर्ष गेलं.

हा दुसरीत आला तरी अक्षर ओळखेना. आई नेहमीच्या क्रमाने शिकवत होती. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, कमळ, बदक, गवत, आणि मग काना, वेलांटी. पोरगा मान खाली घालून बसायचा. वहीत दोन वर्षं त्याच्या नावापुढे एकच शब्द आहे, 'अप्रगत'.

मग एका जुलै महिन्यातली नोंद. मधल्या सुट्टीत तो काडीने मातीत काहीतरी काढत होता. आईने विचारलं, "काय रे हे?" म्हणाला, "कोयता." आईने त्या चित्राखाली बोटाने तो शब्द लिहिला. त्याने विचारलं, "बाई, ह्ये कोयता हाय?" आणि पोरांचे पाय पडू नयेत म्हणून त्यावर दोन्ही हात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच त्याने फरशीवर खडूने 'कोयता' लिहून ठेवलं होतं. मात्रा उलट्या बाजूला झुकलेली, पण शब्द बरोबर. आईला प्रश्न पडला. ज्याला 'कमळ' येत नाही, त्याला हा काना-मात्रेचा शब्द आला कसा?

त्या दिवसापासून तिने जुन्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूची कार्डं केली. रोज विचारायचं, "आज कुठला शब्द पाहिजे?" तो सांगेल तो लिहून द्यायचा. मोळी. फड. साप. मुकादम. ट्रॅक्टर. आजी. जो शब्द दुसऱ्या दिवशी ओळखता आला नाही, तो बाजूला ठेवायचा, रागवायचं नाही. हळूहळू 'कोयता'तला क त्याला 'कमळ'मध्ये सापडला आणि 'मोळी'तला म सुद्धा.

श्रावणात त्याने पहिलं वाक्य लिहिलं, "आजी एकटी हाय." वहीत आईची नोंद अशी: "हाय खोडून आहे करायला लाल पेन उचलला. ठेवून दिला."

पुण्याला परत आल्यावर मी याबद्दल वाचत बसलो, तेव्हा न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर सापडल्या. त्या माओरी मुलांच्या शाळेत शिकवायच्या. १९६३ साली त्यांचं 'टीचर' हे पुस्तक आलं. वर्गातली पुस्तकं होती गोऱ्या, सुखवस्तू घरांतल्या मुलांबद्दल. त्यांच्या वर्गातला एक मुलगा 'ये', 'बघ', 'आणि' असे सोपे इंग्रजी शब्द शिकायला महिनोन् महिने अडखळला, आणि सुरा, तुरुंग, पोलीस, आई-बाबा हे त्याच्या जगण्यातले शब्द मात्र काही मिनिटांत शिकला. त्यासुद्धा मुलाला शब्द विचारायच्या, कार्डावर लिहून द्यायच्या आणि लक्षात न राहिलेलं कार्ड काढून टाकायच्या. आईने हे नाव कधी ऐकलंही नव्हतं. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बघ, तिलापण पोरांनीच शिकवलं."

आता वाटेल, छान झालं, पोरगा शिकला. पण तसं पूर्ण झालं नाही. नोव्हेंबरात टोळी निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात. आईने ते दिलं, सोबत रबर लावून कार्डांचा गठ्ठा. एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा कार्डं नव्हती. कोपीत पाणी शिरलं, भिजली म्हणाला. पण एक नवा शब्द घेऊन आला होता, 'कारखाना'. फाटकावरची पाटी बघून स्वतः वाचलेला. पुढच्या वर्षी टोळी गेली, आणि तो परत आलाच नाही.

आई आजही म्हणते, "तो कुठं असंल माहीत नाही. पण दोन वर्षं तो माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला एकदासुद्धा विचारलं नाही, तुला कुठला शब्द पाहिजे म्हणून." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मोबाईलमधल्या लाल ठिपक्याकडे बघत होती.

मी अ‍ॅपमध्ये एक छोटा बदल करून ठेवलाय. लाल ठिपका दाबला की शिक्षकासाठी एक रिकामी चौकट उघडते, 'या मुलाचा आजचा शब्द'. मॅनेजरने विचारलं, "यातून मोजणार काय?" अजून मंजुरी नाही. पुढच्या मीटिंगला मी आईची वही घेऊन जाणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. घरात, शेजारी, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे एखादं लहान मूल असेल तर त्याला आज एक शब्द विचारा. तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि उद्या त्याला ओळखता येतो का बघा. कुठला शब्द मागितला, ते मला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. आईला ऐकवायचे आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!