पायांतील रक्ताभिसरण : वेळीच ओळखावयाच्या खुणा



खेड्यात शिक्षकाच्या शब्दास मान आहे. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे. चालताना पोटरीत कळ येते, थांबताच काही मिनिटांत ती शमते आणि तितकेच अंतर चालल्यावर पुन्हा येते. लोक यास ‘वय झाले’ म्हणतात. वस्तुतः पायाची रोहिणी अरुंद होऊन स्नायूंस रक्त अपुरे पडत असल्याची ती खूण असू शकते.

मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील अधिक चरबी व उतारवय यांनी हा धोका वाढतो. परंतु मुख्य शत्रू तंबाखू होय. लिओ बर्जर यांनी १९०८ साली वर्णन केलेला रोग तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांस जडतो. तेथे विडी कमी करून भागत नाही; ती सर्वस्वी सोडावी लागते.

दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत. एक पाय अधिक गार, उचलला असता फिका, खाली सोडता तांबूस-जांभळा, कातडी तुळतुळीत, केस झडलेले, बोटावरील जखम भरत नाही, अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. गार पायास विटेचा शेक देऊ नये. बधिर पायास चटका कळत नाही आणि ती जखम चिघळते.

रात्री पाय लोंबता ठेवल्यावाचून झोप न लागणे अथवा बोट काळे पडणे, यांत विलंब नको. पाय एकाएकी गार, पांढरा व बधिर झाल्यास तर काही तासांतच उपचार झाले पाहिजेत. अन्यथा पाय गमवावा लागतो.

पालकसभेत हे अवश्य सांगावे. आणि सांगणाऱ्याच्या खिशात विडी नसावी, एवढीच विनंती.