परवाना कुत्र्याचा, प्रश्न माणसाचा



कुत्र्याच्या परवान्यावर काय भाषण करायचे, असे काहींच्या मनात आले असेल. पण विषय कुत्र्याचा कमी आणि दृष्टिहीन माणसाचा जास्त आहे.

पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्गला वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याची शाळा निघाली. आपल्याकडे असे कुत्रे फारच थोडे. बहुतेकांचा आधार पांढरी काठीच. पण असा कुत्रा दारात आल्यावर नियम शोधत बसलो, तर तोवर माणूस उन्हात ताटकळतो.

मी बँकेत काम करतो. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सर्व बँकांना कळवले आहे. पण त्याचा कुत्रा दारावर अडवला, तर काउंटरवरची सोय काय कामाची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. मात्र मार्गदर्शक कुत्र्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही, म्हणून सगळे पहारेकऱ्याच्या मर्जीवर राहते. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. आदेश भटक्यांसाठी आहे. पण दारावरच्या माणसाला फरक कोण सांगणार?

अमेरिकेत यावर साधा तोडगा आहे. गावचा परवाना आणि रेबीजची लस इतर कुत्र्यांप्रमाणे यालाही लागते. कॅलिफोर्नियात अशा कुत्र्याला परवाना शुल्क माफ आहे. दारावर मात्र कागद मागता येत नाही. हा अपंगत्वामुळे लागणारा कुत्रा आहे का आणि तो कोणते काम करतो, एवढे दोनच प्रश्न विचारता येतात. कुत्रा मालकाला आवरेना, तर बाहेर नेण्यास सांगता येते. म्हणजे साध्या पाळीव कुत्र्याला पट्टा बांधून कुणी आत शिरेल, या शंकेचेही उत्तर त्यातच आहे.

आपण धरमपुरी नगर परिषदेकडे तीन गोष्टी मागाव्यात. एक, अशा कुत्र्याची नोंदणी विनाशुल्क व्हावी आणि लसीचा दाखला दरवर्षी पाहावा. दोन, नोंदणीचा बिल्ला ही सोय असावी. बिल्ला नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारू नये. तीन, बँक, दवाखाना, बसस्थानक आणि घाटावर तशी सूचना लावावी.

यात खर्च जवळजवळ नाही. आपली घराणी पवारांच्या काळापासून या मुलखात आहेत. गावाने आपल्याला जागा दिली. आता गावात कुणाला दारावर अडवले जात असेल, तर पहिला अर्ज आपला असावा. आज निवेदनावर सह्या करा आणि आपापल्या पार्षदांना भेटा.

नर्मदे हर!