गावाच्या नावाची खोली



मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी गावांची मुंबईत एक खोली असे. लालबाग, परळ, डिलाईल रोड या गिरणगावच्या पट्ट्यात, चाळीत. भाऊच्या धक्क्यावर उतरलेला गावचा पोरगा वळकटी घेऊन थेट तिथं पोचायचा. एकेका खोलीच्या पटावर वीस-तीस माणसं असत. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकजण साच्यावर असताना त्याच्या जागेवर दुसरा झोपे. भिंतीशी ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात देव. भाडं सगळ्यांत वाटलेलं, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे वाढायचं थांबलेलं. काम सुटलेल्याला सांभाळून घेतलं जाई, आजाऱ्याला केईएमला नेलं जाई, नव्या मुलाला कुणीतरी ओळखीनं बदली कामावर चिकटवून देई. स्वस्त निवारा आणि पाठीशी माणसं, या दोन्ही गोष्टी आपल्या चाकरमान्यांनी सरकारी योजनेची वाट न पाहता एकत्र आणल्या.

या खोल्यांनी आजूबाजूची वस्तीही जगवली. एकट्या पुरुषांना जेवण हवं, म्हणून घराघरांत बायकांनी खानावळी चालवल्या. या बायका सावकारी कर्जात अडकत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. भजनी मंडळं आली, गणपती आले, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची आणि कोकणची नाटकं रंगली. गिरणगावाची ही सगळी श्रीमंती त्या कोंदट खोल्यांच्या आधारानं उभी होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढं गिरण्या बंद पडल्या, कित्येकजण ट्रंक घेऊन गावी परतले. गिरण्यांच्या जमिनीवर आता मॉल आणि टॉवर आहेत. वस्ती नवी झाली खरी, पण गावाहून एकट्यानं येणाऱ्यासाठी तिच्यात जागा उरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरं मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. ती कुटुंबांची घरं आहेत. एका खाटेपुरती जागा शोधणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे.

हा प्रश्न सुटू शकतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ एक मोडकळीला आलेलं जुनं हॉटेल होतं. १९९० च्या दशकात 'कॉमन ग्राउंड' संस्थेनं ते दुरुस्त करून ६५२ खोल्या केल्या. बेघर राहिलेली माणसं आणि कमी पगाराचे कामगार तिथं शेजारी म्हणून राहू लागले, इमारतीतच त्यांना मदत करणारे कार्यकर्ते बसू लागले. बदनाम झालेल्या त्या भागाच्या सुधारणेत या इमारतीचाही वाटा आहे.

आपल्याकडे काही गावांच्या खोल्या अजून टिकून आहेत, आणि चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत. अनेकदा भाडेपावती एकाच्या नावावर आणि हक्क अख्ख्या गावाचा, अशी स्थिती असते. नव्या इमारतीतला फ्लॅट विकून पैसे वाटून घ्यायचा मोह होणारच. पण सिंधुदुर्गातून टाटा रुग्णालयात उपचाराला गेलेल्यांच्या नातेवाइकांना परळमध्ये पाठ टेकायला जागा लागते. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा हे काम करते, ती एकटी किती जणांना पुरणार? नर्सिंग शिकणाऱ्या, परीक्षेला जाणाऱ्या मुलींचंही तेच. जुन्या खोल्या पुरुषांच्याच होत्या, ही त्यांची उणीव आता भरून काढता येईल.

म्हणून ग्रामस्थ मंडळांना माझी विनंती आहे. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी गावात सभा घ्या, मंडळाची नोंदणी नसेल तर करून घ्या, खोलीचा हक्क कागदावर गावाच्या नावानं येईल असं पाहा. आणि ती विकू नका.