अंगीकारलेले काम आणि आपली सचोटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला निरोप पाठविला की यंदा दोन शब्द तुम्ही बोला. मी सातवीपर्यंत शिकलेली. चूल, गोठा आणि हंगामात मिरचीची तोडणी यांतच माझा दिवस जातो. भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. तरीपण मी होकार दिला, कारण एक गोष्ट मला सर्वांसमोर एकदा नीट सांगावयाची होती.

आपण बायका एकत्र येऊन एखादे काम अंगावर घेतो. कोणी पापडाचा धंदा चालविते, कोणी बचतगटाचा हिशेब ठेवते, कोणी बांधकामावर देखरेख करते. माझी थोरली मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणते, आई, यालाच आम्ही प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतो. नाव मोठे आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. दहाजणींच्या पैशाचे व दहाजणींच्या श्रमाचे काम ठरल्या वेळेत, ठरल्या पैशात आणि चोख पुरे करावयाचे. त्या कामात आपले वागणे कसे असावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

प्रथम माझी चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी मंडळाची खोली बांधावयाची ठरली. वर्गणी साठत आली होती. देखरेखीचे काम तुम्ही विश्वासाने माझ्यावर सोपविले. बांधकाम करणारा माझ्या माहेरच्या नात्यातला होता. मी दुसऱ्या कोणाकडून भाव मागविला नाही. तो नात्यातला आहे हेही सभेत सांगितले नाही. दिवाळीला त्याने मला एक साडी आणली. नात्यातली भेट म्हणून मी ती ठेवून घेतली. स्लॅब पडला. वरचा गिलावा आणि पाणी वाहून जाण्याचा उतार राहिला होता. तो म्हणाला, "आक्का, मजुरांचे पैसे द्यायचे आहेत. तेवढी सही करा, राहिलेले काम आठवड्यात करून देतो." मी "काम पूर्ण झाले" या शब्दांखाली सही केली. शेवटचा हप्ता त्याला मिळाला आणि तो पुन्हा फिरकला नाही.

पुढच्या श्रावणात छत गळले. सातजणींनी उन्हाळ्यात केलेले पापड आणि कुरडया खोलीत डब्यांत भरून ठेवलेल्या होत्या. सगळा माल भिजला. त्यांतल्या एकीने त्या पैशातून मुलाची फी भरावयाची ठरविली होती. हे नुकसान झालेच, पण त्याहून वाईट पुढे घडले. खजिनदारबाईंनी पैशात हात आखडता घेतला, म्हणून काम कच्चे झाले, अशी कुजबूज सुरू झाली. माझ्या कानावर ती आली. मी गप्प राहिले. एक महिना गेला, दुसरा गेला. पाणवठ्यावर त्या बाई मान खाली घालून पाणी भरीत, आणि मी दुसरीकडे पाहत असे.

चार महिन्यांनी मी सभेत उभी राहिले आणि खरे काय ते सांगितले. घरच्या दोन शेळ्या विकून छताचे राहिलेले काम करून घेतले. सातजणींचा माल मात्र मला भरून देता आला नाही. त्या दिवशी खजिनदारबाई मला एवढेच म्हणाल्या, "चार महिने आधी बोलला असतात, तर मी चार महिने अशी फिरले नसते." भगिनींनो, शेळ्या गेल्याचे दुःख केव्हाच विसरले. ते वाक्य अजून विसरता येत नाही.

त्यानंतर मी विचार करू लागले की माझे चुकले नेमके कोठे? मी एक पैसाही खाल्ला नव्हता. तरी मी चुकले होते. नाते लपविले, भेट घेतली, न झालेल्या कामावर सही केली, आणि माझा दोष दुसरीवर जाऊ दिला. चोरी न करताही माणसाची सचोटी चार ठिकाणी ढळू शकते, हे मला तेव्हा कळले.

माझी मुलगी सांगते की अमेरिकेत १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नावाची संस्था स्थापन झाली. कामे चालविणाऱ्या लोकांनी कसे वागावे, यासाठी त्या संस्थेने चार गोष्टी धरल्या आहेत: जबाबदारी, आदर, निःपक्षपात आणि प्रामाणिकपणा. मी माझी चूक या चारांवर ताडून पाहिली. सही करताना जबाबदारी सोडली. खजिनदारबाईंचा आदर राखला नाही. नात्याकडे झुकले तेथे निःपक्षपात गेला. आणि गप्प बसले तेथे प्रामाणिकपणा गेला. एकही उरली नाही.

ह्या गोष्टी काही परक्या नाहीत. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा, चौंडी गावचा. आपण वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जातो, त्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. होळकरांच्या राज्यात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा पैसा वेगळा असे. देवळे, घाट, विहिरी यांचा धर्मादाय खर्च अहिल्याबाईंनी खासगीतून केला. राज्य ज्यांच्या हाती होते त्यांनी दोन थैल्या वेगळ्या ठेवल्या. मग आपल्याला मंडळाचा डबा आणि घरचा डबा वेगळा ठेवणे जड का जावे? "दोन दिवसांसाठी उसने घेते" असे म्हणून मंडळाच्या डब्यात हात घालू नये. दोन दिवसांचे दोन महिने कधी होतात ते कळत नाही.

माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास जात असत. त्याच काळात वि. स. पागे यांच्या विचारातून आपल्या राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सासूबाई एका मुकादमाची आठवण सांगतात. तो रोज संध्याकाळी हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवी. ज्या बाईचे नाव राहिले असेल ती तेथेच बोले, आणि जी कामावर आलेलीच नाही तिचे नाव घुसविण्याची कोणाची छाती होत नसे. पुढे केंद्राने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यात कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करावे असे कलम घातले गेले. म्हणजे झालेला खर्च आणि झालेले काम गावासमोर वाचून ताडून पाहावयाचे. त्या मुकादमाने हे कायद्याच्या कितीतरी वर्षे आधी केले होते. त्याच २००५ साली माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी कामाचा कागद मागता येतो. सरकारला आपण कागद मागतो, तर आपल्या मंडळाचा कागदही सभासदाला मागता आला पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातले कडवंची गाव पाहा. १९९६ साली तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम सुरू झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते चालविले. या कार्यक्रमाची रीत अशी की गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी, गावानेच आपली पाणलोट समिती निवडावी आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे. माथ्याचा बांध कच्चा ठेवला तर खालच्याचे शेत वाहून जाते. म्हणून वरच्या माणसाचा प्रामाणिकपणा खालच्या माणसाच्या भाकरीशी बांधलेला असतो. आज कडवंचीची शेततळी आणि द्राक्षबागा पाहण्यास लोक लांबून येतात. नुसत्या पैशाने एवढे झाले नसते. गावाने घातलेली बंदी गावानेच पाळली, हे त्यातले मोठे काम.

माझ्या चुकीनंतर आपण सभेत काही नियम ठरविले. नव्या सभासदांसाठी ते पुन्हा सांगते.

पहिला, कोणत्याही कामाला निदान तीन ठिकाणचे भाव मागवावयाचे आणि ते सभेत वाचावयाचे.

दुसरा, काम घेणारा आपल्या नात्यातला असेल तर आधी सांगावयाचे आणि त्या निर्णयातून बाजूला बसावयाचे. नातेवाईक असणे हा गुन्हा नाही; लपविणे वाईट.

तिसरा, काम चालू असताना साडी, भांडे, मिठाई काही घ्यावयाचे नाही.

चौथा, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही नाही, आणि एकटीची सही चालणार नाही. दोघींनी जाऊन पाहावयाचे.

पाचवा, चूक झाली तर पुढच्या सभेची वाट न पाहता सांगावयाचे. आणि सांगणाऱ्या बाईला आपण टोचून बोलावयाचे नाही. बोलणारीला आपण झोडपले, तर पुढची बाई लपवील. हा पाचवा नियम तुम्ही सर्वांनी पाळला, म्हणून मी आज येथे उभी आहे.

पुष्कळ बायका म्हणतात, हिशेब मागितला की अविश्वास दाखविल्यासारखे होते. मला तसे वाटत नाही. आपण दूध मापून घेतो, म्हणून गवळ्याशी आपले वैर नसते. मापाने दोघांचीही अब्रू राहते. त्या वेळी माझ्या सहीवर कोणी प्रश्न विचारला असता, तर मला क्षणभर राग आला असता, पण सात घरांचा माल वाचला असता आणि एका भल्या बाईची मान खाली गेली नसती.

यंदा आपण मसाला कांडपाची गिरणी घेण्याचे ठरवीत आहोत. आपल्या गावच्या मिरचीला चांगला बाजार आहे, तेव्हा हे काम चालेल अशी माझी खात्री आहे. देखरेखीसाठी माझे नाव पुन्हा कोणी सुचविले आहे असे कळले. सुचविणाऱ्या दुसऱ्यातिसऱ्या कोणी नसून खजिनदारबाईच आहेत. ते ऐकून माझे डोळे भरून आले. मी काम करीन, पण माझी एक अट आहे. दुसरी सही त्यांची असावी, आणि दर महिन्याचा हिशेब येथे मोठ्याने वाचला जावा.

बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर पदरात घ्या. रेणुकाई आपल्या मंडळाला सुबुद्धी देवो, एवढे मागून मी आपले दोन शब्द संपविते.