दौलताबादच्या दारातलं तळं
(परळ-लालबागहून दौलताबाद-वेरूळच्या सहलीला निघालेल्या पोरापोरींपुढे केलेले भाषण)



उद्या रात्री दादरहून आपण निघतोय. परवा एकाच दिवसात किल्ला आणि लेणी. गाइड ठरवलाय. तो तुम्हांला रामदेवराय सांगेल, 1296 ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी सांगेल, 1327 साली तुघलकाने राजधानी तिथं हलवली तेही सांगेल. खडकात खोदलेला खंदक दाखवील, अंधारी दाखवील. ऐका सगळं. पण किल्ल्याच्या दरवाज्याशी जरा थांबा. तिथलं एक प्रकरण त्याच्या पाठांतरात बहुधा नसेल, म्हणून मी उभा राहिलोय.

साल 1934. ह्याच परळच्या चाळीत राहिलेला एक बॅरिस्टर, लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलून आलेला, कार्यकर्त्यांच्या आग्रहावरून सहलीला निघाला. बाबासाहेब. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असं ठरलेलं. तीसेक माणसं, भाड्याच्या बसगाड्या आणि मोटारी, रस्ता नाशिक-येवला-दौलताबाद. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाची वाटेत काय गत होते, ते ठाऊक होतं ना! राजेरजवाडे हत्तीवरून मिरवत गेले त्या रस्त्यानं आपल्या माणसांनी सहलसुद्धा गुपचूप करायची.

दौलताबादच्या वेशीवर आपली गरीब माणसं वाट बघत होती. चहा घ्या म्हणाली. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा होता. चहा परत येताना घेऊ म्हणून मंडळी पुढं गेली. अंगावर वाटभरची धूळ. दरवाज्याबाहेर काठोकाठ भरलेलं तळं. काहींनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. बस्स, एवढाच गुन्हा! एक म्हातारा ओरडत आला, तळं बाटलं म्हणून. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. रमजानचा महिना, आणि ओरडणारे मुसलमान. मग स्थानिक अस्पृश्यांवर राग निघाला : ह्या परक्यांना सांगितलं का नाही? बिचारे तिथं नव्हतेच.

तेव्हा बाबासाहेबांनी संतापून विचारलं : तुमचा धर्म हेच शिकवतो काय? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी नाकाराल? गर्दी गप्प. शेवटी आत सोडलं, पण किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही, ह्या अटीवर. आणि पाठीमागे हत्यारबंद शिपाई! हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाने ते 1990 साली छापून आलं.

मी ही गोष्ट मुसलमानांविरुद्ध दात खायला सांगत नाही. महाडला 1927 साली डोकी फोडणारे कोण होते? जात धर्माचं कुंपण ओलांडून जाते, हे ह्या दारात दिसलं. ज्या येवल्यावरून ही मंडळी गेली, तिथंच पुढच्या वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली.

आता वेरूळ. चौतीस लेणी, त्यातली पहिली बारा बौद्धांची. पाच नंबरच्या लेण्यात शिरलात की शंभर फुटांहून लांब दालन दिसेल, मधे दगडी बाकांच्या दोन सरळ रांगा, बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. त्या विहाराला लोकांनी नाव काय दिलंय? महारवाडा! म्हणजे बुद्धाचं घर ओस पडलं आणि गावाने त्याला गावकुसाबाहेर टाकलं. गाइडला विचारा, हे नाव का पडलं? चारचौघांत विचारा. तो हसून पुढं सरकेल. तुम्ही सरकू नका. तिथं बसा, बाकावर हात ठेवा.

आज तिकिटाच्या खिडकीत जात विचारत नाहीत. संविधानाच्या 15 व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट ह्यांची नावं घेऊन लिहिलंय की कुणाला अडवायचं नाही. मसुदा समितीचा अध्यक्ष तोच होता, ज्याच्या मागे पाण्यावर पहारा म्हणून शिपाई चालला. पण पाण्यापायी आजही गावात पोरं मार खातात, हे तुम्ही पेपरात वाचताच.

म्हणून प्रत्येकानं पाण्याची बाटली घ्या. किल्ल्याच्या दारात उभं राहून, गाइडसमोर, घोट घोट प्या. आणि त्यालाही द्या.

जयभीम.