सहाव्या वर्षाची दाढ

आज आपण पोरांच्या दातांविषयी बोलू.

दुधाचे दात २०. ते पडतात, नवे येतात. म्हणून आपण म्हणतो, "किडला तर किडू दे, पडणारच आहे!" पण सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागं नव्या दाढा येतात. वर २, खाली २. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळं घरात कुणाला पत्ताच लागत नाही. या दाढा जन्माच्या. गेल्या की परत येत नाहीत.

दात किडतो कसा? गोळ्या-बिस्किटांची साखर दातांना चिकटते. तोंडातले जंतू तिचं आम्ल करतात. आम्लानं दात पोखरतो. मग पोर रात्रभर रडतं, शाळा बुडते.

उपाय सोपा आहे. सकाळी आणि रात्री निजताना फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासावेत. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाएवढी, पुढं वाटाण्याएवढी. मिश्री नको, ती तंबाखूच. आपण लावतो, ते पाहून पोरं शिकतात.

अंगणवाडीत सगळ्या पोरांनी मिळून दात घासावेत. एकाचं पाहून दुसरं घासतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. दातही पाहतात, पैसे लागत नाहीत. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये.

आज घरी गेल्यावर पोराला 'आ' करायला सांगा. शेवटची दाढ नीट पाहा. काळा डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. दवाखाना गाठा.