नाळेवरचा नांगर : होल्डर निवडताना आणि बसवताना

मी भिलाईच्या खुर्सीपारमधून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील, कारण इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र ४०० किलोमीटरच्या पलीकडेच. पण नांगराशी माझी ओळख समुद्रावर झालेली नाही. मी सैन्यात सॅपर होतो. नदीवर तरता पूल टाकायचा तर त्याला प्रवाहाच्या वरच्या अंगाने नांगर लागतात, आणि तो नांगर अंधारात, ओल्या हातांनी, पटकन सुटला पाहिजे. आमचे उस्ताद म्हणायचे, नांगर शोधावा लागला म्हणजे नांगर नाहीच. हे वाक्य आज पुन्हा लागणार आहे.

हर्णैला माझा भाचा मासेमारी करतो. ७ मीटरची फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, वर तीन माणसं. त्याचा फोन आला, "मामा, तुमच्या भिलाईत लोखंडाला तोटा नाही. नाळेवर नांगर ठेवायला काहीतरी करून पाठवा ना." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. मी आधी विचारलं, आत्ता नांगर कुठे असतो? म्हणाला, पुढे जाळ्याखाली. म्हणजे इंजिन बंद पडलं, वारा खडकाकडे नेतोय, तर आधी जाळं उचला, मग दोर सोडवा, मग नांगर काढा. २ मिनिटं गेली. १ मीटर सेकंदाच्या वेगाने होडी वाहत असेल तर या २ मिनिटांत १२० मीटर गेली. खडक बहुतेक वेळा त्याहून जवळ असतो.

होल्डर हवा तो यासाठी. पुष्कळांना वाटतं, नांगर पायात येऊ नये, होडी नीटनेटकी दिसावी म्हणून तो लावायचा. तेही होतं. पण खरं काम असं, की एका माणसाने एक पिन ओढली की नांगर पाण्यात. आणि दुसरं काम, जे विकणारा सांगत नाही, ते म्हणजे दोर वर घेताना येणारा भार झेलायचा. बहुतेक होल्डर तिथेच उखडतात.

हा भार किती, याचा हिशेब करू. नांगर ८ किलोचा, साखळी ६ किलोची, म्हणून लोक म्हणतात, १५ किलोला पुरेल असं काहीही चालेल. नाही चालणार. नांगर खडकात अडकलाय, दोर सरळ खाली ताठ झालाय आणि खालून लाट आली. नाळेकडचा भाग समजा दीड चौरस मीटर पाणी व्यापतो. लाटेने तो २० सेंटीमीटर उचलायला घेतला, पण दोराने उचलू दिला नाही. दीड गुणिले ०.२, म्हणजे ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० लिटर पाणी. तेवढं पाणी होडीला वर ढकलतंय, आणि तेवढाच ३०० किलोचा भार रोलरवर खाली येतोय. हिसका बसला तर त्याहून जास्त.

आता तरफ बघा. नांगर होडीच्या अंगावर आपटू नये म्हणून रोलर नाळेच्या बाहेर काढावा लागतो. समजा १५ सेंटीमीटर बाहेर काढला आणि मागचे बोल्ट काठापासून ३० सेंटीमीटर आत आहेत. मग ३०० किलोचा भार मागच्या बोल्टांना १५० किलोने वर उपटतो. उलट, दिसायला छान म्हणून रोलर ३० सेंटीमीटर बाहेर काढला आणि बैठक आत १५ च सेंटीमीटर ठेवली, तर तेच बोल्ट ६०० किलोने उपटले जातात. भार तोच, होडी तीच, चौपट फरक. म्हणून माझा नियम: बाहेर एक तर आत दोन. दुकानात जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि हे माप आधी घ्या, चकाकी नंतर बघा.

निवड मात्र होल्डरपासून सुरू करू नका, नांगरापासून करा. कोकणात बऱ्याच छोट्या होड्यांवर चार फाळांचा लोखंडी नांगर असतो. तो खडकात चांगला धरतो, पण नेहमीच्या रोलरवर बसत नाही. फाळ चारही बाजूंना पसरलेले, तो डोलत राहतो. त्याला सोपा उपाय म्हणजे तिरका बसवलेला जाड पाइपचा तुकडा. नांगराची दांडी पाइपात ओढून घ्यायची, फाळ बाहेर पाइपच्या तोंडाला टेकतात. पाइपची तोंडं गोल घासलेली हवीत, नाहीतर दोर कापला जाईल. चिखल-वाळूच्या तळाला दोन चपट्या पात्यांचा नांगर चांगला, आणि त्याला रोलरचा होल्डर लागतो. भाच्याकडे खाडीच्या तोंडाला वाळू-चिखलच आहे, म्हणून आम्ही चपटा नांगर आणि रोलर घेतला. ज्यांचा चार फाळांचा आहे त्यांनी उगाच बदलू नये.

रोलर नायलॉनसारख्या टणक प्लॅस्टिकचा घ्या, मधे साखळी बसेल अशी खाच असलेला. रबराचा साखळीने सोलून निघतो. दोन्ही बाजूंचे गाल, म्हणजे उभ्या पट्ट्या, रोलरपेक्षा बऱ्याच उंच आणि वरून बाहेर थोड्या वळवलेल्या हव्यात. नांगरावर उभी होडी कधी सरळ राहत नाही, डावी-उजवी झुलते, आणि दोर प्रत्येक वेळी गालावर घासतो. बाजारात २ मिलिमीटर पत्र्याचे चकचकीत होल्डर मिळतात. एका दुकानदाराने मला व्हिडिओ कॉलवर असलाच एक दाखवला. तो दुपारचा डबा टांगायला उत्तम आहे.

धातूबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे भिलाईवाल्याला राहवत नाही. आपली विमानवाहू युद्धनौका विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली, तिच्या खास पोलादात भिलाईच्या कारखान्याचाही वाटा आहे. पण त्या पोलादालाही रंग द्यावाच लागतो. खारं पाणी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. स्टेनलेस घेणार असाल तर ३१६ प्रतीचं घ्या. ३०४ वर समुद्रात लवकरच तपकिरी डाग येतात, आणि २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेस तर तिथे वापरूच नका. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर प्रत लिहून घ्या.

आम्ही साध्या पोलादाची ६ मिलिमीटरची प्लेट वापरली आणि हथखोजच्या एका वर्कशॉपमध्ये होल्डर बनवून गरम जस्तात बुडवून घेतला. यात दोन गोष्टी सांभाळा. सगळी भोकं, सगळं वेल्डिंग आधी, जस्त शेवटी; नंतर ड्रिल मारलंत की त्या भोकातून गंज सुरू. दुसरी जिवाची गोष्ट. होल्डरमध्ये दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप असेल तर त्याला हवा जायला भोक हवंच. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास असते. आत कोंडलेली हवा आणि ओल फुगते, पाइप फुटतो आणि वितळलेलं जस्त माणसांच्या अंगावर उडतं. तुमचा वेल्डर हुशार असला तरी हे स्वतः बघा.

तांदुला किंवा गंगरेलच्या पाण्यावर मासे धरणारे आपल्या छत्तीसगडातले श्रोते असतील, तर गोड्या पाण्यात जस्त लावलेलं साधं पोलाद पुष्कळ वर्षं पुरतं. स्टेनलेसचा खर्च तुम्हाला करायची गरज नाही. नांगर मात्र लागतोच. मोठ्या जलाशयावर वारा सुटला की लाट समुद्राची आठवण करून देते, आणि दोरीला बांधलेला दगड तळावरून घसरत जातो.

आता बसवणं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर काढलेल्या असतात, म्हणून काम तेव्हाच निघतं. पण तो पावसाळा. फायबरमध्ये भरायचं इपॉक्सी ओल्या पृष्ठभागाला धरत नाही. वर ताडपत्री बांधा, जागा दोन-तीन दिवस सुकू द्या, मग हात लावा.

आधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा नमुना कापा आणि खरा नांगर, खऱ्या साखळीसह, त्यावर ठेवून बघा. सुटताना पातं होडीला लागतं का? पिन काढल्यावर नांगर स्वतःच्या वजनाने पुढे पडतो का, की ढकलावा लागतो? ढकलावा लागत असेल तर नांगर बसवलेला असताना त्याचा जड भाग रोलरच्या पुढे येत नाहीये. दोर रोलरपासून मागच्या खुंट्यापर्यंत सरळ जातो का, तेही बघा.

हा खुंटा विसरू नका. नांगरावर उभी असताना होडीची ओढ खुंट्याने घ्यायची, होल्डरने नाही. होल्डर फक्त दोराला वाट देतो आणि खालचा दाब सोसतो. होल्डरच्याच कडीला दोर बांधून ठेवलेल्या होड्यांचे फोटो मला श्रोते पाठवतात. ते उद्याच सोडा. खुंटा वेगळा, त्याचे बोल्ट वेगळे.

फायबरच्या डेकचा थर पातळ असतो. बोल्ट तुटत नाही, तो वॉशरसकट थर फाडून वर येतो. म्हणून डेकच्या खाली जाड पट्टी हवी, होल्डरच्या बैठकीपेक्षा मोठी. ती ६ मिलिमीटरची धातूची असू द्या किंवा चांगल्या मरीन प्लायची. दोन थरांमध्ये लाकूड किंवा फोम भरलेला असेल, तर भोक बोल्टपेक्षा मोठं पाडा, आतलं लाकूड थोडं कोरून काढा, इपॉक्सी भरा, सुकल्यावर त्यातून नेमक्या मापाचं भोक पाडा. असं केलं नाही तर पाणी आतल्या लाकडात मुरतं, आणि दोन-तीन वर्षांत नट घट्ट दिसतो पण त्याच्याभोवती भुसा झालेला असतो. बोल्ट १० किंवा १२ मिलिमीटरचे, आरपार. स्क्रूवर कधीही भागवू नका. लाकडी होडी असेल तर तुमचा सुतार माझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला फक्त ३०० किलोचा हिशेब सांगा.

दोराबद्दल थोडक्यात. खोली अधिक नाळेची उंची अधिक भरतीचा फरक, याच्या निदान पाचपट दोर सोडा. ८ मीटर पाणी, १ मीटर उंची, ३ मीटर भरती, म्हणजे १२, म्हणून ६० मीटर. मुंबईकडे उधाणाला पाणी ४ मीटरपर्यंत वर-खाली होतं, तिथे त्याप्रमाणे वाढवा. आणि काहीही झालं तरी मागच्या बाजूने नांगर टाकून रात्र काढू नका. मागचा काठ बुटका, वर इंजिनाचं वजन, दोन लाटांत होडी भरते.

भाच्याने मला विचारलं, एवढं करून वादळात टिकेल का? नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा मोठा बार्ज नांगर सुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. हवामान खात्याचा इशारा आला की बंदर गाठायचं, त्याला लोखंडाचा पर्याय नाही. आपला होल्डर आहे तो इंजिन बंद पडलेल्या संध्याकाळसाठी.

पाण्यात उतरण्याआधी एक चाचणी करा. होडी जमिनीवर आहे तोवर मागचा भाग नीट टेकवून बांधा, रोलरवरून दोर घेऊन खुंट्याला बांधा आणि खालच्या टोकाला २०० लिटरचा रिकामा ड्रम टांगा. मग त्यात पाइपने पाणी सोडा. भरत असताना कुणीही खाली उभं राहायचं नाही. एकाने आत वाकून बॅटरीच्या उजेडात खालच्या पट्टीकडे बघत राहायचं. फट पडताना दिसली, चिरकल्याचा आवाज आला, तर पाणी थांबवा. भरलेला ड्रम तासभर टांगून ठेवा. हर्णैला हे केलं तेव्हा पट्टी हलली नाही, पण डाव्या मागच्या बोल्टचा नट पाऊण आटा सैल झाला. तिथे दुहेरी नट लावला, आणि पंधरा दिवस मासेमारी झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळायला सांगितलं.

पिनला बारीक दोरी बांधून ती होल्डरलाच अडकवा. हातातून निसटलेली पिन समुद्रात सापडत नाही, आणि तिच्या जागी लोक खिळा घालतात.